लूमेनला कोणी शोधलं नाही

अरासेली : मिटव तो लॅपटॉप. बास झालं!

दिवीना : लोला, हा नमुन्याचा पहिलाच भाग आहे. पुढचे सात अजून कागदावरच...

अरासेली : लोला म्हणू नकोस. तुझी आजी नाही मी. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं माझं पुस्तक. अख्ख्या इलोइलोतली पोरं ते ऐकत झोपली. बालेतेच्या झाडात शिरणारी इवलीशी लूमेन, तिचा काजव्यांचा मुकुट, तो गमत्या बुटका राजा. आणि तुझ्या मालिकेत? राजा पोरं पळवणारा राक्षस, नि लूमेन अंधारात नखांनी खोड ओरबाडतेय!

दिवीना : ही फक्त मोठ्यांसाठी आहे.

अरासेली : मग मोठ्यांनी मोठ्यांच्या गोष्टी घ्याव्यात. लहानांच्या ताटातलं कशाला ओढता?

दिवीना : आल्याचा चहा गार होतोय तुमचा.

अरासेली : होऊ दे. चहा पाजून पुस्तकाच्या हक्कांवर सही मिळत नसते.

दिवीना : माहितीये. चॅनेलवाले म्हणालेच होते, म्हातारीशी गोड बोल. मला नाही जमत ते. मी एक विचारायला आलेय. नऊ वर्षांची असताना तुमचं पुस्तक वाचलं. वर्गातल्या सगळ्यांना तो मुकुट हवा असायचा. मला एकच प्रश्न पडायचा. लूमेन सात दिवस झाडात असते, मग घरून कोणी शोधायला का येत नाही?

अरासेली : परीकथा आहे ती.

दिवीना : परीकथेतली आई निदान रडते तरी. तुमच्या लूमेनची आई भात शिजवते आणि पानं मांडते. लूमेनचं मांडतच नाही. ते पान मी परत परत वाचायचे. आमच्या घरी एक मामा राहायचा. तो प्यायला की मी दिवस दिवस माळ्यावर लपून बसायचे. मलाही कोणी हाक मारली नाही. मालिका मी तिथून लिहिलीय, मॅडम. राक्षस माझ्या मनचा नाही.

(अरासेली गार झालेला चहा पुढे ओढते.)

अरासेली : सोलिंग दहाची होती.

दिवीना : कोण सोलिंग?

अरासेली : धाकटी बहीण माझी. एक बाई आली, म्हणाली, मनिलात घरकामाला पोरगी हवीय, शाळेतही घालीन. आईने बोटीवर बसवून दिली. दोन पत्रं आली. मग काहीच नाही. शेजारची पोरं विचारायची, सोलिंग कुठाय? मी सांगायचे, झाडात गेलीय, राणी झालीय तिथली. सांगून सांगून त्याची गोष्ट झाली. पुढे पुस्तक झालं.

दिवीना : आणि पुस्तकात ती परत येते.

अरासेली : आणली मी. दुसरं काय होतं माझ्या हातात? तुझ्याकडे येते का?

दिवीना : नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर शेवट बदलते.

अरासेली : शेवटाला हात लावू नकोस. लहानांना सांगितलं ते त्यांच्यापुरतं ठीक होतं. मोठ्यांना कळू दे. एक मात्र कर, मगच सही देईन.

दिवीना : सांगा ना.

अरासेली : मधे कुठेतरी कोणीतरी तिला शोधायला निघू दे. थोरली बहीण असू दे. बारा वर्षांची. आई नको नको म्हणत असताना बोटीत चढलेली. तिला लूमेन सापडली नाही तरी चालेल. पण झाडाच्या आत लूमेनला तिची हाक ऐकू गेली पाहिजे.

दिवीना : जाईल. आजच लिहिते. त्या बहिणीचं नाव अरासेली ठेवू?

अरासेली : नको गं. मी गेले नव्हते.