चाळीस नंबरची जर्सी

बाई: शंभरामागे तीन? साहेब, एवढ्यासाठी तुम्ही दोन बस बदलून आलात?

साहेब: फुटबॉल क्लबकडे तुमचं जेवढं येणं आहे, त्यातल्या दर शंभराला तीन. इथे सही केलीत की पुढच्या तिमाहीत मिळतील.

बाई: अकरा महिने तेवीस जणांचे कपडे धुतले मी. जर्सी, चड्ड्या, मोजे, टॉवेल. वर त्या कोचसाहेबांचं जाकीट, दर आठवड्याला नव्या जागी सॉस सांडलेलं. आणि आता तीन देऊन तोंडाला पानं पुसताय? अहो, ऐकलंत का?

अहो: ऐकतोय.

बाई: ऐकतोय म्हणे! इस्त्री ठेवा जरा बाजूला. क्लबचं दिवाळं काढायला आलेत हे साहेब.

साहेब: काढायला नाही हो. दिवाळं आधीच निघालंय. उरलंसुरलं वाटायला कोर्टाने मला नेमलंय.

बाई: मग वाटा की नीट. सगळ्यांना तीनच देताय ना? कॅप्टनला पण तीन?

साहेब: नाही, म्हणजे… खेळाडूंना पूर्ण.

बाई: पूर्ण म्हणजे?

साहेब: शंभरला शंभर. आणि ज्या क्लबांकडून खेळाडू विकत घेतले होते, त्या क्लबांनाही. लीगचा नियमच आहे तसा. त्यांचे पैसे बुडवले तर लीग क्लबला हाकलून देते, मग विकत घ्यायला कुणी फिरकणार नाही. म्हणून दोन याद्या केल्यात. पहिली मैदानातल्यांची. दुसरी बाकीच्यांची.

बाई: आणि बाकीच्यांत कोण कोण पडलंय?

साहेब: तुमची लाँड्री. बेकरीवाले. तिकिटं छापणारे. मैदानावर चुन्याचे पट्टे मारणारे ते दादा. अँब्युलन्सवाल्या ताई.

बाई: वा रे न्याय! जो पडतो त्याला शंभर, आणि जी धावत जाऊन त्याला उचलते तिला तीन!

साहेब: नियम मी केलेला नाही, बाई.

बाई: त्या नऊ नंबरलाही पूर्ण?

साहेब: त्यालाही.

बाई: अहो, त्याची चड्डी वर्षभर मी धुतेय. गवताचा एक डाग नाही हो! पडतो तो नेहमी जागा बघून, कोरड्यात. दोनदा तर मी न धुताच घडी घालून पाठवली, कुणाला कळलंसुद्धा नाही. आता चार नंबर घ्या. त्याचे मोजे तीन पाण्यांत निघत नाहीत. त्याला शंभराचे एकशे दहा दिलेत तरी मी हूं की चूं करणार नाही.

साहेब: नियमात डाग बघत नाहीत.

बाई: तिथेच तर चुकतंय सगळं. बरं, मला सांगा, तुमची फी कुठल्या यादीत?

साहेब: ती… दोन्ही याद्यांच्या आधी निघते.

बाई: अहो, ऐकलंत का?

अहो: ऐकलं.

बाई: ते कोपऱ्यातलं मोठं यंत्र बघा, साहेब. क्लबच्या कपड्यांसाठी म्हणून हप्त्यांवर घेतलं. एका दमात तीस जर्सी धुतं. चार हप्ते थकलेत. महिनाअखेर भरले नाहीत तर फायनान्सवाले उचलून नेणार. यंत्र गेलं की लाँड्रीला कुलूप. मग मी काय सांगू त्यांना? बाबांनो, शंभरामागे तीन घ्या आणि नळी तेवढी ठेवून जा?

साहेब: मला खरंच वाईट वाटतंय.

बाई: वाटत असेल. चेहऱ्यावरून तुम्ही भले दिसता. पण भलेपणा फायनान्सवाला घेत नाही. माझं एकूण किती धरलंय?

साहेब: दोन लाख एकोणीस हजार चारशे.

बाई: बरोबर आहे. पै न् पै.

साहेब: हा आकडा मला आणखी कुठेतरी दिसलाय… असो. सही तुम्ही विचार करून करा. दुसरं काम म्हणजे उद्याच्या सामन्याचे कपडे. उद्या संघ उतरला नाही तर सगळंच संपलं.

बाई: ते काय, टेबलावर गठ्ठा बांधून ठेवलाय. माझा राग क्लबवर आहे, कपड्यांनी माझं काय घोडं मारलंय? घ्या मोजून.

साहेब: …एकवीस, बावीस, तेवीस. एक कमी आहे. माझ्या यादीत चोवीस जर्सी आहेत. चाळीस नंबरची नाही ह्यात.

बाई: चाळीस होय?

साहेब: गंमत म्हणजे तो खेळाडूही सापडत नाहीये. राखीव गोलरक्षक. तीन आठवडे त्याच्या मागावर आहे मी. पत्ता क्लबचाच लिहिलाय, फोन नाही. कोचना विचारलं तर ते नुसते हसतात. पहिल्या यादीतला तो एकटाच राहिलाय. तुमच्याकडे सगळ्यांचे कपडे येतात. पाहिलंय का कधी त्याला?

बाई: रोज पाहते.

साहेब: रोज? कुठे?

बाई: अहो, वळा जरा तिकडे.

(अहो इस्त्री उभी करून भिंतीकडे तोंड करतात. एप्रनच्या बंदांमधून पाठीवरचा चाळीस आकडा दिसतो.)

साहेब: काका! तुम्ही?

अहो: होय. कपडा चांगला आहे. घाम टिपतो.

बाई: तरी मी सांगत होते, क्लबची वस्तू आहे, घरात घालू नका. ऐकतील तर शपथ! आता चोरीचा आळ आला ना?

साहेब: जर्सीचं राहू द्या हो. तुम्ही खेळाडू कसे झालात ते सांगा.

अहो: सात वर्षं झाली. लीगने नियम काढला, प्रत्येक संघात तीन गोलरक्षक पाहिजेतच. आपल्याकडे दोन होते. तिसरा लग्न करून सासरच्या गावाला गेला तो तिकडचाच झाला. दुसऱ्या दिवशी सामना. कोच कपडे न्यायला आले आणि इथे, ह्याच टेबलाशी डोकं धरून बसले.

बाई: आणि ह्यांनी सांगितलं, तरुणपणी मी गोलात उभा राहायचो.

अहो: राहायचोच.

बाई: गल्लीच्या संघात, साहेब! दोन विटा ठेवून केलेल्या गोलात!

अहो: विटांतून चेंडू गेला नाही कधी. तर कोचनी फॉर्म काढला आणि मी इस्त्रीच्या टेबलावर सही केली. तेव्हापासून दर वर्षी कपड्यांच्या पावतीबरोबर फॉर्म येतो. मी सही करतो.

साहेब: आणि पगार? पगाराची जागा रिकामी असली तर लीग फॉर्म परत पाठवते.

अहो: तेच सेक्रेटरी म्हणाले. म्हणाले, तिसऱ्या गोलरक्षकाला वेगळा पगार कुठून आणू? लाँड्रीचं बिल तर देतोच आहे, तेच लिहितो. मग लिहिलं, महिन्याच्या धुलाईइतका.

साहेब: एक मिनिट. एक मिनिट थांबा. ही बघा पहिली यादी. क्रमांक चाळीस, थकलेला पगार, दोन लाख एकोणीस हजार चारशे.

बाई: अगं बाई! हा तर माझा आकडा.

साहेब: म्हणूनच ओळखीचा वाटत होता! एकच रक्कम दोन्ही याद्यांत. मला वाटलं, कारकुनाने चुकून दोनदा उतरवली. संध्याकाळी एक ओळ खोडणार होतो.

बाई: कुठली?

साहेब: वरची.

बाई: आणि आता?

साहेब: आता खालची खोडावी लागेल. धुलाईचे पैसे हाच काकांचा पगार आहे, सही-शिक्क्यानिशी. म्हणजे पूर्ण.

बाई: शंभरला शंभर?

साहेब: शंभरला शंभर.

बाई: अहो, बघत काय उभे राहिलात! खुर्ची द्या साहेबांना! मघापासून बिचारे उभे आहेत. बसा, साहेब, बसा. पंखा लावते.

साहेब: थांबा, करारात आणखी एक कलम आहे. "सलग तीन सामन्यांना गैरहजर राहिल्यास करार आपोआप रद्द होईल."

बाई: म्हणजे?

साहेब: म्हणजे काका सामन्यांना जायला हवे होते. खेळले नाहीत तरी चालेल, पण हजर.

बाई: घ्या! संपलं! हे एकदा गेले होते, सात वर्षांपूर्वी. नवी जर्सी घालून नवरदेवासारखे निघाले होते. त्यानंतर जातात ते मळके कपडे आणायला, खेळाडू म्हणून कसले जातात? खोडा, साहेब, वरचीच खोडा. आमचं नशीबच शंभरामागे तीन आहे. तो पंखा बंद करा.

अहो: साहेब, तुमच्या पिशवीत हिरव्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक असेल.

साहेब: हे? हजेरीचं?

अहो: बघा की.

साहेब: क्रमांक चाळीस. हजर. हजर. हजर. पुढचं पान… हजर. काका, ह्यात तर एकही सामना चुकलेला नाही! शेजारी प्रत्येक वेळी सही आहे.

बाई: दाखवा इकडे. ही ह्यांचीच सही. शेवटचं अक्षर असंच लोंबतं. अहो, काय आहे हे? सामन्याला तुम्ही मळके कपडे गोळा करायला थांबता ना?

अहो: करतो की. सामना संपल्यावर.

बाई: आणि सामना चालू असताना?

अहो: बाकावर असतो. शेवटच्या जागेवर. हातमोजे घालून.

बाई: हातमोजे घालून! सात वर्षं! आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीत?

अहो: तू हसली असतीस.

बाई: हसले असतेच! पोट धरधरून हसले असते. पण हसून झाल्यावर डबा तरी दिला असता ना बरोबर. उपाशी बसता तिथे तीन-तीन तास.

साहेब: बाई, रडू नका.

बाई: कोण रडतंय? साबणाची वाफ आहे ती.

साहेब: मग झालं तर. आज वरची ओळ कायम, महिनाअखेरच्या आत पैसे तुमच्याकडे येतील. पहिल्या यादीचे पैसे वेगळे काढून ठेवलेलेच आहेत. फक्त उद्याचा सामना तेवढा चुकवू नका, काका. दुसरा गोलरक्षक मंगळवारीच सोडून गेलाय, नाव तेवढं नोंदणीत आहे. बाकावर उद्या तुम्ही एकटेच.

बाई: एकटेच? आणि पहिल्याला काही झालं तर?

अहो: तर उतरायचं.

बाई: उतरायचं म्हणे! वय काय, गुडघे काय! जिना उतरताना कठडा धरता तुम्ही!

अहो: गोलाला खांब असतात ना.

साहेब: पहिला धडधाकट आहे, बाई. तशी वेळ येणार नाही.

बाई: तुमच्या तोंडात साखर पडो. आता एक विचारू? आमचं नाव खालच्या यादीतून निघालं. मग त्या बाकीच्यांचं काय?

साहेब: तुमचा आकडा तिथला सगळ्यात मोठा होता. तो निघाला की त्यांना वाटणीत थोडं जास्त येईल. तिनाचे चार होतील.

बाई: चार. म्हणजे ताईंना चार, चुनावाल्या दादांना चार.

साहेब: हो.

बाई: परवा पहाटेच दादा मैदानावर गुडघे टेकून दोरी ताणत होते. पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असून. रेघ वाकडी आली तर म्हणे झोप लागत नाही त्यांना. त्या रेघेच्या आत जो पळतो त्याला पूर्ण, आणि जो रेघ मारतो त्याला चार. तुम्हाला हे बरं वाटतं का हो, साहेब?

साहेब: नाही. खरं सांगायचं तर नाही वाटत.

बाई: सेक्रेटरींना एवढी अक्कल होती तर सगळ्यांचेच फॉर्म भरून घ्यायचे होते. बेकरीवाल्याला सेंटर फॉरवर्ड केला असता. अंगाने आडवा आहे, चेंडू त्याला लागून आपोआप गोलात गेला असता.

साहेब: आणि अँब्युलन्सवाल्या ताई?

बाई: त्यांना नऊ नंबर द्या. त्या नऊ नंबरपेक्षा मैदानात जास्त पळतात. बरं, तुमच्या नोटिशीतली ती घेणेकऱ्यांची सभा कधी आहे?

साहेब: गुरुवारी. पण तुम्ही आता खालच्या यादीत नाही. तुम्हाला मत देता येणार नाही.

बाई: मत नसू दे, तोंड आहे ना! मी येणार. आणि तुमच्या त्या सगळ्यांच्या आधी निघणाऱ्या फीबद्दल दोन शब्द बोलणार. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, मागून बोलायची सवय नाही मला.

साहेब: या. खरंच या. सभेत सगळे नुसते मान खाली घालून बसतात. तुम्ही बोललात तर मलाही वर कोर्टाला दोन ओळी लिहिता येतील. बरं, निघतो. हा गठ्ठा नेतो. आणि ती चाळीस नंबरची?

बाई: ती उद्या खेळाडूबरोबरच येईल. सांभाळून जा. गठ्ठा आडवा धरू नका, घड्या मोडतील!

अहो: गेले का?

बाई: गेले. काय माणूस आहात हो तुम्ही! यंत्र वाचलं, लाँड्री वाचली, आणि तुम्ही आपले गप्प. आता काढा ती जर्सी.

अहो: का गं?

बाई: केवढी चुरगळलीय. उद्या चारचौघांत बसायचंय.

अहो: दे, करतो मी इस्त्री.

बाई: सरका तिकडे. आज मी करणार.

अहो: आकड्यावरून गरम फिरवू नकोस. उलटी करून घे.

बाई: माहीत आहे हो. तीस वर्षं बघतेय तुमच्याकडे. आणि ऐका, उद्या मी पण येतेय, डबा घेऊन. सामना संपला की मळके कपडे मी गोळा करीन. तुम्ही बसून राहा, हातमोजे घालून.