लागली का?

अमरावतीच्या बसस्टँडवर अचलपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारं जोडपं, अन् दोघांच्या मधात दुरुस्तीहून आणलेली जुनी गिटार.

"वच्छला, चाल परत दुकानात. खुंट्या बदलवल्या अन् आवाजच मारून टाकला त्यानं."

"आवं, आत्ताच तर तिथून आलो! बसा चुपचाप."

"लग्नाआधीची गिटार हाये माही. लाकूड असं मुरलं होतं का रांजनात तोंड घालून बोलल्यावानी घुमे. अन् आता? तार छेडली का नुसती टिकटिक."

"मले तर तसाच घुमून राहिला."

"तुले काय समजते त्यातलं?"

"चाळीस वर्सं दुसरं आयकलं काय मी?"

"थांब, वरची तार पिळून पाहतो."

"लागली."

"कुठं लागली? उतरेल हाये अजून."

"लागली मनलं ना! उठा."

"सुरात लागल्याबिगर मी उठत नाही, वच्छला."

"आवं, गाडी लागली! भोंग्यावर किती डाव सांगतलं."

"भोंग्यावर? कधी?"

"चला, जागा नाही भेटन."

"वच्छला, कधी सांगतलं भोंग्यावर?"

"आत्ताच. लोकं पहा ना, कसे धावून राहिले."

"मंग मले काहून नाही आयकू आलं?"

"गिटार द्या माह्याजवळ. पायरी पाहून चढा."

"म्हंजे गिटार चांगली हाये?"

"पयल्यासारखीच हाये."

"तुले कधीपासून मालूम?"

"चढा ना, मांगं लोकं खोळंबले."

"चढतो. पन घरी गेल्यावर मी वाजवीन, तवा जवळ बसजो. लागली का नाही, तूच सांगजो."