सरदारांचं तोंड

दोरीवर अकरा छापील चित्रं वाळत होती. त्यांत सिबिलाच्या बाबांचं एकही नव्हतं. ते वारून महिना झाला होता आणि सरदारकी तिच्या चुलतभावाकडे गेली होती. त्यांच्या चित्राची एक प्रत मागायला ती आउग्सबुर्गच्या छापखान्यात रांगेत उभी होती. पुढे त्याच चुलतभावाचा कारभारी मिस्त्रीशी बोलत होता.

“नवे सरदार विचारतायत, चित्र कुठवर आलं?”

“छापायच्या तांब्याच्या पत्र्यावरून जुन्या सरदारांचं तोंड खरवडून झालं. आता यांचं कोरतो.”

“आणि चिलखत?”

“तेच. पदकंही तीच.”

“अहो मिस्त्री, आमच्यांना पदकं कुठं मिळालीत?”

“तांब्यावर मिळाली की! लढावं थोडंच लागतं?”

कारभारी हसत निघून गेला.

“बोला बाईसाहेब, काय हवंय?”

“बाबांच्या चित्राची एक प्रत.”

मिस्त्रीनं तो तांब्याचा पत्रा पुढे केला. तिनं त्यावरून बोट फिरवलं. चेहऱ्याच्या जागी तांबं केसभर खोल होतं.