शी झाली, पण कुठून?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हिलालनाना, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. हितेंद्र सोनवणे, आणि भर उन्हात आलेल्या बंधू-भगिनींनो,

निरोपाच्या दिवशी ज्याला त्याला देवमाणूस म्हणतात. माझा त्यावर भरवसा नाही. मी हेमलता, याच रुग्णालयातली परिचारिका. खरं तेच सांगते: डॉक्टरांइतका संशयी माणूस मी पाहिलेला नाही.

झुलालभाऊंची रुपली इथेच जन्मली. दुसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं, दूध उलटू लागलं. शी झाली का, असं डॉक्टरांनी विचारलं. आजी बेबाबाई म्हणाल्या, झाली, लंगोट मीच धुतला. आणि ते खरंच होतं. दुसऱ्या कुणाचं तेवढ्यावर समाधान झालं असतं. यांनी विचारलं, "कुठून झाली?"

आता असं कुणी विचारतं का? पण मुलीची जात म्हणून आजीने लंगोट घाईघाईने बदललेला, नीट कुणी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी उजेडात पाहिलं, तर शीची जागाच नव्हती. लघवीच्या जागेजवळच्या बारीक छिद्रातून थोडी झिरपत होती, बाकीची आत तुंबलेली. धुळ्याला नेऊन शस्त्रक्रिया केली नसती तर पोर हातची गेली असती.

पण बेबाबाई अडून बसल्या. पाचवी पुजल्याशिवाय बाळ गावाबाहेर न्यायचं नाही. झुलालभाऊंची शंका निराळीच, धुळ्याहून मिळणाऱ्या कमिशनची. "धुयाना दवाखानावाला तुमले काय देतस, डॉक्टर?" मला संताप आला. डॉक्टरांना नाही आला. संशय घेणारा माणूस त्यांना आपला वाटला असावा. म्हणाले, "पाचवी तिथेच पुजा, मी गाडीत सोबत येतो. माझ्यावर नजर ठेवा." बेबाबाईंनी खरोखर धुळ्यापर्यंत नजर हलवली नाही.

पाचवी तिथल्या वॉर्डातच पुजली. तेव्हा शी बाहेर पडावी म्हणून रुपलीच्या पोटावर वाट केलेली होती. पुढे शस्त्रक्रिया करून जागच्या जागी वाट झाली. आज ती शाळेत जाते.

परवा बेबाबाईंची धाकटी सून इथे बाळंत झाली. मी बाळ सगळं तपासून, गुंडाळून त्यांच्या हाती दिलं. त्यांनी तिथल्या तिथे दुपटं सोडलं आणि बाळाला पालथं केलं. म्हणाल्या, "तुनावर भरोसा शे माय, पन माले देखू दे."

डॉक्टर, आता तुम्ही खुशाल जा.

सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. मंचावर न शोभणारं काही बोलून गेले असेन, तर पोटात घाला.