खणात बांधलेली माती

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, वाचनालयाचे पदाधिकारी आणि वेळात वेळ काढून जमलेले कोल्हापूरकर बंधू-भगिनी,

पत्रिकेत सत्कारमूर्ती म्हणून माझ्या चन्नम्माआत्याचं नाव आहे. आगबोटीच्या काळातली घरची पेटी तिनं आपल्या संग्रहाला देऊ केली, म्हणून हा सत्कार. शाल घ्यायला मात्र मी, तिचा भाचा रुद्रेश, उभा आहे. आत्या गेल्या आठवड्यात गेली.

समोर मांडलेल्या वस्तू आपण पाहिल्याच असतील. बोटीवरच्या जेवणाचं छापील कार्ड, पत्त्यांचा जोड, कडक कॉलरचे सदरे. हे सगळं माझ्या आजोबांचं, गुरुसिद्धअप्पांचं. एकोणीसशे त्रेपन्न साली साखरेचं शिक्षण घ्यायला ते विलायतेला निघाले आणि एडनच्या पुढं तापानं गेले. आत्या तेव्हा आजीच्या पोटात होती. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, माती देतात. बोटीवर माती कुठली? त्यांना समुद्रात सोडलं.

माझ्या पणजीला याचीच धास्ती होती. म्हणून लेक निघताना तिनं मळ्यातली काळी माती खणात बांधून पेटीच्या तळाशी ठेवली. त्याला सांगितलं नाही. निघत्या माणसासमोर असलं अभद्र कसं बोलायचं? तुमच्या-आमच्या घरातली कुठली आई बोलली असती? पेटीवर 'प्रवासात लागणार नाही' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी लागली, पेटी बोटीच्या तळात गेली आणि आजोबांच्या खोलीतल्या सामानाबरोबर पुरचुंडी गाठ न सुटता जयसिंगपूरला घरी परत आली. आमच्या घरात हळू बोलणारं कुणी नाही, आम्हाला माइक लागत नाही. पण पणजी त्यानंतर फारशी बोललीच नाही, असं वडील सांगायचे.

आत्यानं बाप पाहिला नाही. ती ही पेटीच पुसत आली, जन्मभर.

अध्यक्षमहाराज, पत्रिकेत त्या पुरचुंडीचाही उल्लेख आहे. टेबलावर ती आपल्याला दिसणार नाही. जाण्याआधी आत्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "रुद्रेश, पेटी दे की त्यास्नी. पण अप्पाची माती माझ्यावर घाल. त्याला न्हाय मिळाली, लेकीला तरी मिळू दे."

जंगमस्वामींचा मंत्र झाल्यावर मी गाठ सोडली. मूठभरच होती. सगळी आत्यावर घातली.

वाचनालयानं आमच्या माणसाची आठवण ठेवली, आपण मन लावून ऐकलंत, याबद्दल घरातल्या सगळ्यांच्या वतीनं आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि कबूल केलेली एक वस्तू कमी दिली, तेवढं पोटात घाला. ती आता परत आणता येणार नाही.