पूर्ण मार्क

माहेर माह्यं अल्लीपूरचं, दिली इकडे नाचणगावात, अन् काय सांगू तुम्हाले, कामाले मी कोनाले हार जाणारी नव्हती, कापूस वेचाले लागली की सोबतच्या बाया म्हणत, हिच्या हाताले मशीन लावली का वं. एका साली कापसाची बंडी घेऊन पुलगावले निघालो, मी वर बसली होती, चाक नालीत गेलं अन् मी खाली. तवापासून पाय गेले ते गेलेच. मेली असती तं बरं झालं असतं, रोज म्हणते मी, उगीच नाई म्हणत.

मंग माही शकू, तेरा वर्साची पोट्टी, ती मले उचले. आंघोळ तिनं, लुगडं तिनं, परसाकडे पाठीवर घेऊन तिनं. ती लग्नाची झाली, लोक पाहाले येत अन् विचारत, आईचं कोन करते? उत्तर ऐकलं की उठत. पोट्टी माहेरातच अडकून राहीन म्हणत. दोन ठिकानं गेली अशी. तिसरं देवळीचं आलं, तवा आम्ही सांगतलं, पाय अधू हायेत पण आपलं आपलं करते.

पोराची आत्या घर पाहाले आली, अन् नेमकी त्याच दिवशी दवाखान्यातून एक बाई आली कागद घेऊन. म्हणे, ज्याईचे पाय गेले त्याईचं जगनं कसं चालू हाये ते मोजून राह्यलो, ज्याले जास्त अडचण त्याले हातानं चालवायची तीनचाकी सायकल भेटन. विचारू लागली, आंघोळ स्वतः करता का? म्या म्हटलं हाओ. लुगडं? हाओ. परसाकडे एकट्या? हाओ. आत्या तिथंच बाजेवर बसून ऐकून राह्यलती ना. शकू म्हणे, आई, खरं सांग ना वं. म्या डोळे वटारले. मंग बाई म्हणे, जिवाले सुख वाटते का? म्या आत्याकडे पाह्यलं अन् म्हटलं, लय. सगळं जमते म्हणून तिनं सगळे मार्क देले.

लगन झालं, शकू गेली. म्या मानूस धाडला दवाखान्यात, कागद बदलवा म्हणून. ते म्हणे, यादी वर गेली, अन् तुमच्या बाईले तं काईच अडचण नाई असं लिवलं हाये. काय भांडू त्याईच्याशी? माह्याच तोंडानं सांगतलं म्या. सायकल असती तं निदान दाराबाहेर पडली असती, अंगनाच्या पल्याड काय हाये तेही इसरली मी आता.

शकूले दोन लेकरं हायेत, दिवाळीले येते, चार दिवस मले उचलते, जाताना रडते. मी म्हणते जाय माय, सुखानं राह्य. देव तिले तसंच ठेवो. पन ती गेली की मले लय तिची गरज लागते, खोटं काऊन बोलू. आता घरी शकूचा बाप, माहा बुढा, एकटा, तो सकाळी वावरात जाते अन् सांजले येते. मधात मले परसाकडे न्याले कोन हाये? म्हणून दिवसभर मी पानीच पेत नाई. उन्हाळ्यात घसा वाळून जाते, तरी नाई पेत. तुम्ही घ्या चहा, मले नका देऊ.