डाव्या बटनातली काडी

धर्माजी: बिघडल्याली हाय तुझी ही फळी. धा येळा दाबलं, बल्ब काय पेटंना.

ज्योतीराम: फळी ठीक हाय, दादा. आपल्या पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवानीच केलीय. दोन टोकांला दोन बटणं, मधी खडूनं चौकोन काढलाय तो साचा. दोन्ही बटणं एकाच टायमाला दाबली तरच बल्ब लागतो.

धर्माजी: मला शिकवतो व्हय रं? बावीस वर्सं प्रेसवर काढली म्या. दोन्ही हात बटनावर असलं म्हंजी साच्याखाली हात न्हाई, मगच मशीन खाली येनार. कुनी शिकवलं तुला ह्ये? परभणीसनं आलतास तवा पान्याला पक्कड म्हनत हुतास.

ज्योतीराम: म्हणत होतो की. पण आता तुमी सांगा, बटणं किती दाबली?

धर्माजी: दोन.

रतनबाई: येकच. उजवं.

धर्माजी: रतन, तू मदी पडू नगंस. तुला प्रेसमधलं काय कळतंय?

रतनबाई: प्रेसमधलं न्हाई कळत. पन तुमचा डावा हात मांडीवर निजलाय, त्यो दिसतोय मला.

धर्माजी: कुटंय?

रतनबाई: ह्यो काय!

धर्माजी: ह्यो? ह्यो ज्योत्याचा हाय.

ज्योतीराम: माझे दोन्ही इथं चहाच्या कपाला हायत, दादा. तिसरा कुठून आणू?

रतनबाई: आन त्या हातावर 'रतन' गोंदलंय, ते बी ज्योतीरामभाऊंनीच गोंदून घेतलं का?

ज्योतीराम: वैनी, मला मारता का काय! माझी बायको घरात घेणार न्हाई.

धर्माजी: ...आसं म्हंता. मग माझाच आसंल.

ज्योतीराम: काल डॉक्टर काय म्हणले, वैनी?

रतनबाई: त्येच. हाताला ताकद हाय, डोळं बी धड हायेत. तळेगाव रोडला कंटेनरनं कट मारला तवा डोस्कं उजव्या अंगाला आपाटलं ना, तवापास्नं डाव्या बाजूला काय हाय ह्येची मेंदू दखलच घेत न्हाई म्हनं. तीन म्हयनं झालं, आर्दीच भाकर खात्यात आन कालवन कुटंय म्हून माझ्यावर वरडत्यात. ताट गर्रकन फिरवलं की म्हनत्यात, "आत्ता वाढलंस व्हय?"

धर्माजी: तू वाढतीसच उशिरा.

रतनबाई: आन आज दाढी बगा की. उजवीकडं नवरदेव, डावीकडं गोसावी.

ज्योतीराम: मला वाटलं नवीन फॅशन हाय.

रतनबाई: शर्ट घालाया दिला तर पाव तास नुसता उलटापालटा करत बसत्यात. कुटनं सुरवात करायची त्येच उमगत न्हाई. बाहीत डोस्कं घातलं सकाळी.

धर्माजी: शर्टच वाकडं शिवत्यात हल्ली. ते ऱ्हाऊ दे. ज्योत्या, सोमवारचं बोल. यशवंतराव सायेब मला मशीनवर हुबं करून बगनार का?

ज्योतीराम: व्हय. जमलं तर परत लाईनवर. न्हाई जमलं तर डॉक्टरचा कागद बगून ठरवू, म्हणले.

धर्माजी: मंग ऐक. डाव्या बटनात काडी घाल.

ज्योतीराम: काय?

धर्माजी: सायेब यायच्या आदी. बटन दाबल्यालंच ऱ्हाईल आसं. मंग म्या उजवं दाबलं की मशीन चालतंय. कुनाला कळतंय?

ज्योतीराम: दादा, हे तुमी बोलायलात?

धर्माजी: म्याच बोलतोय.

ज्योतीराम: धा वर्षांमागं मी घातली होती काडी. टार्गेट लवकर पुरं व्हावं म्हणून. सगळ्या लाईनसमोर तुमी थोबाडीत दिली होती माझ्या. गालावर पाची बोटं उठली होती.

धर्माजी: तुला दोन हात दिसत हुतं, तरी आळस केलास. माझं येगळं हाय.

ज्योतीराम: येगळं कसं?

धर्माजी: आरं, घरात बसून काय करू? सकाळच्या शिफ्टची बस दारावरनं जाती तवा उठून दारात हुबा ऱ्हातो म्या. गल्लीतली मानसं इच्यारत्यात, धर्माजी, आराम हाय का? आराम! आजारी म्हसरावानी बांदून ठिवलंय मला. येकदा मशीनवर बसलो की आपोआप जमंल सगळं. अंगात मुरलंय त्ये.

रतनबाई: भाऊ, आयकू नका ह्येंचं.

ज्योतीराम: थांबा वैनी. दादांनी माझ्यासाठी लई केलंय. घालतो काडी. पण आदी ह्या फळीवर. द्या इकडं आगपेटी.

रतनबाई: तुमी बी तसलंच निघालात.

ज्योतीराम: ही घातली. बसलं बटण आत. आता दादा, मशीनवर बसल्यावानी नीट फुडं सरका. हा पुठ्ठा घ्या, हा आपला पत्रा. रोजच्यासारखा आत ठेवा आन मग दाबा.

धर्माजी: दे. ह्ये बग, दोन्ही हातांनी धरला का न्हाई? दिसलं का रतन? डावा बी आला बग आपोआप!

रतनबाई: आला खरा, बाई.

धर्माजी: ठिवला पत्रा. आन आता... ह्ये दाबलं! पेटला! पेटला का न्हाई बल्ब? म्या काय सांगत हुतो! बावीस वर्सं हायेत, चेष्टा न्हाई!

ज्योतीराम: पेटला.

धर्माजी: मंग त्वांड का पाडलंस?

ज्योतीराम: दादा, तसंच बसा. हात हालवू नका. आता मान डावीकडं वळवा. आणखी. डॉक्टरनं मनगटाला लाल पट्टी बांधलीय ना, ती दिसंपर्यंत वळवा.

धर्माजी: वळवली. दिसली लाल पट्टी.

ज्योतीराम: कुठं हाय?



धर्माजी: चौकोनात.

ज्योतीराम: पत्रा ठेवायला दोन्ही हात आत गेले. उजवा बाहेर आला. डावा आतच राहिला.

धर्माजी: साच्याखाली.

ज्योतीराम: व्हय.

धर्माजी: दीडशे टनाचं मशीन हाय त्ये.

रतनबाई: माझं नाव गोंदल्याला हात हाय त्यो. मला पायजेल हाय.

धर्माजी: ज्योत्या, काडी काड.

ज्योतीराम: काढली.

धर्माजी: मोडून टाक. आन इकडं ये, गाल फुडं कर.

ज्योतीराम: आता कशाला? आता तर तुमीच सांगितली होती!

धर्माजी: तवा जरा जास्तच जोरात बसली हुती. कुरवाळतो.

ज्योतीराम: राहू द्या. तुमचा भरवसा न्हाई, कुरवाळायचं म्हणून दुसरी बसायची.

रतनबाई: मंग सोमवारी काय करनार?

धर्माजी: जानार की. सायेबाला म्हननार, मशीनवर नगं मला. मला डावीकडचं दिसंना झालंय, घरी फळीवर म्या माझाच हात साच्याखाली ठिवून आनंदानं वरडलो. नवी पोरं येत्यात, त्येंना दोन बटनं कशापायी असत्यात त्ये सांगाया बशिवलंत तर बसतो.

ज्योतीराम: आन न्हाई म्हणले तर?

धर्माजी: तर न्हाई. फळी हितंच ठिव तू. काडी न घालता दोन्ही बटनं दाबून बल्ब लावीन तवा फोन करतो.

ज्योतीराम: आत्ताच करा की. मी बसलोय.

धर्माजी: आत्ता... उजवा ठिवला. आता मान वळिव, धर्मा. वळिव. लाल पट्टी. ही घावली. चल रं बाबा, ऊठ. तसा न्हाई, तिकडं कुटं चाललास? फुडं. बटनावर. आन आता दोन्ही...

ज्योतीराम: लागला!

रतनबाई: अगं बया! लागला!

धर्माजी: लागला, पन लई टाईम लागला. ह्या इस्पीडला कंपनी दिवाळखोरीत निघंल.

ज्योतीराम: निघू द्या. मी येतो सोमवारी सकाळी गाडी घेऊन.

धर्माजी: गाडी नगं. गेटापतूर चालत जाऊ. पन रतन, तू बी चल. माझ्या डाव्या अंगानं.

रतनबाई: मी दिसायची न्हाई तिकडनं तुमाला.

धर्माजी: न्हाई दिसलीस तर बोलत ऱ्हा. तेवढं जमतंय तुला.